जनरल रजिस्टरातलं नाव

“ताई, या नावाची मुलगी तुमच्या कॉलेजात कधी शिकलेलीच नाही.”

३ जानेवारीची सकाळ, नऊ वाजून गेलेले. अकराला माजी विद्यार्थिनींच्या सत्काराचा कार्यक्रम. माझ्या टेबलावर पाच मानपत्रं फ्रेम करून ओळीने मांडली होती आणि त्यातल्या तिसऱ्यावर बोट ठेवून साठीच्या आसपासच्या एक बाई हे म्हणाल्या. आवाज जराही चढा नव्हता. इरकल साडी, वर स्वेटर, खांद्याला कापडी पिशवी. निफाड तालुक्यातल्या गावाहून पहिल्या एसटीने निघून नाशिकला निमाणीच्या स्टँडवर उतरल्या होत्या आणि तिथून रिक्षाने आल्या होत्या. पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवल्या होत्या लोकांनी, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून, असं सांगत त्यांनी हात चोळले. मानपत्रावर नाव त्यांचंच होतं. म्हणजे पेन्शनच्या कागदांवर असतं ते.

मला क्षणभर उलगडाच होईना. मग पिशवीतल्या फोल्डरमधून पदवीचं प्रमाणपत्र निघालं. पुणे विद्यापीठ, बी. ए., १९८६. विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं २०१४ साली, त्याच्या कितीतरी आधीचा तो कागद. त्यावरचं आडनाव वेगळं, मधलं नाव वेगळं आणि पहिलं नावही वेगळं. तीन शब्दांपैकी एकही मानपत्राशी जुळत नव्हता.

ही चूक निदान माझ्या हातून व्हायला नको होती. सव्वीस वर्षं मी या मुलींच्या कॉलेजच्या कार्यालयात आहे आणि माझ्या खिडकीवर येणारं निम्मं काम नावाचंच असतं. पंचेचाळिशी-पन्नाशीच्या बाया येतात. पासपोर्ट काढायचाय, नवऱ्यामागे फॅमिली पेन्शन लावायचीय, पीएफ अडकलाय. गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं. मग विवाह नोंदणीचा दाखला आणा, नाहीतर राजपत्रात नाव छापून आणा, आणि सोबत प्रतिज्ञापत्र: ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की नजर त्यावरून सरकून जाते. पण एकदा एक बाई ते खिडकीत मोठ्याने वाचता वाचता थांबली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. ते तिने त्याच वेळी पहिल्यांदा वाचलं होतं म्हणे, कुणी आधी विचारलंही नव्हतं.

माझंही नाव तसंच बदललं. घरात मला कुणी जुन्या नावाने हाक मारत नाही, फक्त आई मारायची.

या बाईंचा पत्ता आम्हाला कसा लागला, तेही सांगायला हवं. आमचं माजी विद्यार्थिनी मंडळ दरवर्षी पाच जणींचा सत्कार करतं. नावं सुचवायला सगळ्यांना सांगतो, आणि सुचतात ती बहुतेक डोळ्यांसमोरची: गंगापूर रोडवर ऑफिस असलेल्या, पेपरात फोटो येणाऱ्या. त्यांचं काम खोटं नसतं, पण शोध तिथेच थांबतो याची मला नेहमी खंत वाटते. गेल्या जुलैत पहिल्या वर्षाच्या एका मुलीबरोबर तिची आजी प्रवेशाला आली होती. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला मागितला, तर आजींनी कागदांच्या गठ्ठ्यातून सातबारा काढून पुढे धरला. तो मला नको होता. पण आजींना तो दाखवायचाच होता. कब्जेदाराच्या रकान्यात नवऱ्याच्या नावाखाली त्यांचं नाव होतं, त्यावर त्यांनी नख टेकवलं. “हे तलाठीबाईंनी लावलं. त्या तुमच्याच कॉलेजात शिकल्यात, त्याच म्हनायच्या.”

मी तेव्हाच चिठ्ठीवर टिपून ठेवलं आणि मंडळाच्या बैठकीत नाव मांडलं. त्या आता मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या पदावरून, निवृत्त झाल्या आहेत, एवढं तहसीलमधून कळलं. फोन नंबर मिळाला, त्या यायला तयार झाल्या, नाव सगळ्यांना पसंत पडलं. आजींनी सांगितलेलं आणि तहसीलने सांगितलेलं नाव एकच होतं, म्हणून तेच यादीत गेलं, यादीवरून पत्रिकेत, पत्रिकेवरून मानपत्रावर. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाच्या वेळी प्रत्येकीची नोंद होते ती वही, उघडून ताडून बघायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. हे नाव रजिस्टरात असणारच नाही, हे ज्या बाईला सगळ्यांत आधी सुचायला हवं ती मीच.

“मी बदलून घेते,” मी म्हणाले. “तुम्हाला कुठलं हवं?”

त्या खुर्चीत बसल्या. “दोन्ही लिहा. सासरचं नाव मला नको असं काही नाही. चौतीस वर्षं त्या नावाने सही केली मी. पण पदवी मिळवली ती हिने. हिचं वर लिहा, तिचं खाली. आणि कंसात नका टाकू. कंसात टाकलं की ते इतर हक्कात गेल्यासारखं होतं.”

सातबारा ज्यांनी नुसता लांबून पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. गाव नमुना सातमध्ये एका बाजूला जमीन कुणाच्या कब्जात आहे त्यांची नावं असतात. दुसऱ्या बाजूला इतर हक्क: सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा, कुळाची नोंद. शेतकरी वारला की मुलांची नावं कब्जेदारात जायची आणि त्याची बायको, मुली यांची नावं गावोगाव या इतर हक्कात ढकलली जायची. कायद्यात तसं नव्हतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मयताच्या वाट्यात विधवेला आणि मुलीला मुलाच्या बरोबरीने वारस केलं होतं. पण लिहिणारा हात गावातलाच असायचा आणि सांगणारी तोंडंही.

डीटीपीवाल्याला मी फोन लावला. अशोक स्तंभाजवळ त्याचं दुकान आहे, ते दहाला उघडतं. फाइल त्याच्याकडे होती, नाव बदलून प्रिंट काढायला वीस मिनिटं पुरे म्हणाला. शिपाईमामा फ्रेम घेऊन निघाले. सन्मानचिन्हाचं मात्र जमेना. लाकडी पाटावर पितळी पट्टी होती, नाव कोरलेलं. ती नव्याने कोरून मिळायला चार दिवस लागणार होते. मी चाकूच्या टोकाने पट्टी उचकटून काढली. खाली गोंदाचा पिवळा डाग राहिला. तो मी खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसत बसले आणि त्या बोलत राहिल्या.

वडील गेले तेव्हा त्या आठवीत होत्या. दोन एकर कोरडवाहू. दोन्ही भावांची नावं कब्जेदारात लागली. “आणि आईचं नाव कुठे, तर इतर हक्कात. वर सोसायटीचा बोजा, मग विहिरीचा चौथा हिस्सा, आणि त्याच्या खाली आई. मी तो उतारा बी.ए.ला असताना नीट वाचला. तोवर मला वाटायचं की उताऱ्यावर नाव आहे म्हणजे झालं.” तो उतारा त्यांच्याकडे अजून आहे. आईने हक्क मागितला नव्हता, कधी तक्रारही केली नव्हती. थोरल्या भावाने जमीन गहाण टाकली तेव्हा तिला कुणी विचारलं नाही, एवढंच.

१९८६ च्या जूनमध्ये निकाल लागला. नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, तिथे त्या आईला घेऊन गेल्या. लाखो बाया होत्या. आईला भाषणं फारशी कळली नाहीत, पण परत येताना ट्रकमध्ये ती म्हणाली, की एवढ्या बायांपैकी जमिनीवर नाव किती जणींचं असेल गं? या प्रश्नाने त्यांना तलाठ्याच्या परीक्षेला बसवलं, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कुठेही आव नव्हता, त्यामुळे मी हातातला बोळा बाजूला ठेवून ऐकत राहिले.

तलाठ्याला गावात भाऊसाहेब म्हणतात. सुरुवातीला लोक यायचे आणि विचारायचे, भाऊसाहेब कुठायत? समोर दप्तर उघडून त्याच बसलेल्या असायच्या. मग १९९२ साली शासनाचं परिपत्रक निघालं. संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होतीच, त्यातूनच ते आलं. नवऱ्याने अर्ज करायचा, की त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागेल. अर्ज नवऱ्यानेच करायचा, हीच मेख होती. त्या कोरे अर्ज घेऊन ग्रामसभेत जायच्या, दूध डेअरीवर जायच्या. पुरुष हसायचे. कुणी म्हणायचं, उद्या ती माहेरी निघून गेली तर जमीन घेऊन जाईल का? त्या म्हणायच्या, जमीन कडेवर घेऊन जाता येते का? पहिल्या वर्षात अकरा अर्ज झाले. माझ्या खिडकीतली आजी त्या अकरातली.

“पण खरं काम वारसनोंदीचं,” त्या म्हणाल्या. बाप वारला की मुलं अर्ज घेऊन येणार, सोबत वारसांची यादी. चार मुलगे, चार नावं. त्या अर्ज वाचायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या: बहिणी किती? “दोन आहेत, पण दिल्या घरी सुखी आहेत.” “असू द्या सुखी. नावं सांगा.” सहा-कच्या, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत बहिणींची नावं पत्त्यासकट लिहायची आणि त्यांच्या सासरी नोटीस धाडायची. भाऊ चिडायचे, सरपंचाला घेऊन यायचे, बदलीची धमकी द्यायचे. दोनदा बदली झालीही. एका घरात दोघी बहिणी नोटीस घेऊन आल्या. एकीने तिथल्या तिथे सांगितलं, मला नको, मी हक्कसोड करून देते. दुसरी गप्प राहिली आणि तिचं नाव लागलं. “सोडायचा तर तिने सोडावा. पण आधी तो तिच्या नावावर लागायला तर हवा. जे कधी मिळालंच नाही, ते सोडणार काय?”

साडेदहाला शिपाईमामा फ्रेम घेऊन आले. शाई अजून ताजी होती. वर माहेरचं नाव, खाली सासरचं, दोन्ही एकाच मापाच्या अक्षरात. मी निवेदन करणाऱ्या प्राध्यापिकेकडे धावले आणि तिच्या कागदावर पेनाने दुरुस्ती केली. प्राचार्य मॅडमना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, उरलेल्या चौघींचं काय? मला उत्तर देता येईना. मग मी हॉलच्या दाराशी उभी राहून एकेकीला विचारलं. एक सीए होती, एक सुरगाण्याच्या आश्रमशाळेत शिक्षिका, एक बँकेत, एक पोळीभाजी केंद्र चालवणारी. दोघींनी सांगितलं की पुकारताना माहेरचंही नाव घ्या. सीए बाईंनी लग्नानंतर नाव बदललंच नव्हतं. शिक्षिका म्हणाली, मला आत्ताचंच आवडतं, तेच राहू दे.

कार्यक्रम नेहमीसारखा झाला. पाहुण्यांचं भाषण लांबलं. तिसऱ्या मानपत्राची वेळ आली आणि निवेदिकेने आधी माहेरचं नाव घेतलं. मागच्या रांगांमध्ये खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. १९८६ च्या बॅचच्या तिघी उठून उभ्या राहिल्या होत्या. पत्रिका त्यांनाही गेली होती, तीवर हे नाव नव्हतं. आपल्या वर्गातली कुणी आज व्यासपीठावर आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यातल्या एकीने हॉलमध्ये सगळ्यांसमोर हाक मारली, हॉस्टेलवरच्या टोपणनावाने. व्यासपीठावर शाल सावरत उभ्या असलेल्या त्या बाईंनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. पट्टी नसलेलं सन्मानचिन्ह त्यांनी छातीशी धरलं होतं आणि दुसरा हात गर्दीकडे उंचावला होता.

दुपारी जेवणं झाल्यावर त्या तिघी आणि तलाठीबाई अशा चौघी कार्यालयात आल्या. “आमचं रजिस्टर बघायचंय.” १९८३ चं जनरल रजिस्टर मी कपाटातून काढलं. कापडी बांधणी, कोपरे झिजलेले, पानं कडेने चहाच्या रंगाची. त्या काळच्या लेखनिकाचं अक्षर सुरेख, निळ्या-काळ्या शाईचं. अनुक्रमांक, विद्यार्थिनीचं संपूर्ण नाव, जन्मतारीख, पालकाचं नाव, पूर्वीची शाळा, शेरा. चौघींनी आपापल्या ओळी शोधल्या. तलाठीबाईंच्या ओळीत पालक म्हणून थोरल्या भावाचं नाव होतं. शेऱ्याचा रकाना कोरा.

“इथे काही लिहिता येतं का?” त्यांनी विचारलं.

जनरल रजिस्टरात आदेशाशिवाय खाडाखोड करता येत नाही, एक टिंबही वाढवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. माझ्यापेक्षा त्यांनाच ते जास्त माहीत. मी तसं सांगितल्यावर त्या हसल्या, “बरोबर, फेरफार लागेल.”

मी स्टेशनरीच्या कपाटातून एक नवी फुलस्केप वही काढली आणि पट्टीने रेघा मारल्या. माजी विद्यार्थिनी नोंदवही. जनरल रजिस्टरचा क्रमांक, शिकतानाचं नाव, आताचं नाव, आईचं नाव, पदवीचं साल, काम, फोन. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात, सरकारी कागदांवर, आईचं नाव शासनाच्या निर्णयानेच येतं. त्याआधीच्या मुलींसाठी निदान ही वही. पुढच्या वर्षीची यादी याच वहीतून करायची आणि जिचा सत्कार तिला नाव आधी विचारायचं, हे मी मॅडमकडून त्याच दिवशी लिहून घेतलं.

पहिली ओळ मी तलाठीबाईंपुढे सरकवली. त्यांनी चष्मा लावला. दोन्ही नावं भराभर लिहून झाली. आईच्या रकान्यात त्यांनी पेन टेकवलं आणि थांबल्या.

“आईचं सासरचं लिहू की माहेरचं?”

“तुम्हाला वाटेल ते.”

त्यांनी दोन्ही लिहिली. रकान्यात मावत नव्हती, शेवटची अक्षरं पदवीच्या सालावर गेली. मी त्यांना थांबवलं नाही.