स्वस्तातलं अ‍ॅक्वापोनिक्स: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

घरी अ‍ॅक्वापोनिक्स (म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर, मातीशिवाय झाडं वाढवणं) करायचं म्हटलं की लोक आधी रेडिमेड किटच्या किमती बघतात आणि तिथेच गार पडतात. खरं तर लागतं काय, एक टाकी, वर झाडांचा ट्रे, एक छोटा पंप, बस! जुना ड्रम चालतो, फक्त फूड ग्रेड (खाण्याच्या वस्तू ठेवायला चालणारा) हवा, आधी त्यात केमिकल असलेला फुकट मिळाला तरी नको. ट्रेमध्ये भरायचे क्ले बॉल्स (भाजलेल्या मातीच्या गोळ्या) महाग पडतात, त्याऐवजी साधी खडी धुऊन घ्या, पण आधी तिच्यावर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे, ती पाण्याचा पीएच वर नेत राहते आणि मग झाडं पिवळी का पडतायत ते कळत नाही (पीएच जास्त असला की त्यांना लोह घेता येत नाही). पीएच ६.८ ते ७ च्या आसपास असला की मासे, झाडं सगळ्यांचं बरं चालतं.

पंप मात्र चांगला घ्या, तासाला निदान टाकीभर पाणी फिरवेल असा. आणि अमोनिया-नायट्राइटचं टेस्ट किट घ्याच, इथे कंजूषपणा नको! माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया येतो, बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. हे बॅक्टेरिया जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, तोवर मासे न टाकता थोडा थोडा अमोनिया घालत राहायचं, कंटाळा येतो पण मासे मरत नाहीत. तांब्याचे फिटिंग कुठेही वापरू नका, माशांना विषारी. सुरुवातीला पालेभाज्याच लावा, टोमॅटो नंतर.