मागे सरकलेली कार्डे

स्प्रिंटचा, म्हणजे कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याचा, आढावा चालू असताना प्रकल्प व्यवस्थापकांनी कामांच्या ऑनलाइन बोर्डावरची शंभरेक कार्डे (एक कार्ड म्हणजे एक काम) एकदम निवडून आधी ‘तपासणी’त आणि लगेच ‘पूर्ण’मध्ये टाकली. त्याच बोर्डाची माहिती घेणाऱ्या आमच्या वेब ॲपच्या डॅशबोर्डावर पूर्ण झालेल्या कामांचा आकडा भराभर वाढला, मध्येच थबकला आणि काही मिनिटांनी चक्क उतरू लागला. बोर्डावर सर्व काही जागच्या जागी होते; आमच्याकडे मात्र संपलेली कामे एकामागून एक ‘तपासणी’त परतत होती.

पहिला संशय टोकनवर, म्हणजे बोर्डाच्या सेवेत शिरण्याच्या डिजिटल परवान्यावर, घेतला गेला, पण तो टिकला नाही. टोकन ब्राउझरमध्ये नव्हे, आमच्या सर्व्हरवर ठेवलेले होते, आणि ते बाद झाले असते तर 401 (ओळख पटली नाही) हा प्रतिसाद येऊन आकडे गोठले असते, घटले नसते. म्हणून मी वेबहूकचा, म्हणजे काही बदलले की सेवा आपणहून पाठवते त्या सूचनांचा, लॉग उघडला आणि एकाच कार्डाच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक लावून पाहिल्या. ‘तपासणी’ची सूचना दोनदा आली होती: एकदा ‘पूर्ण’च्या आधी, एकदा नंतर. दोन्हींचा ओळख क्रमांक एकच, आतली घटनेची वेळही एकच. वेगळी होती ती फक्त आमच्याकडे पोहोचल्याची वेळ.

त्यापुढचा उलगडा सोपा होता. प्रत्येक सूचना आली की आमचा सर्व्हर ती त्याच सेवेकडून आल्याची डिजिटल सही पडताळून डेटाबेसमध्ये नोंद करी, एकूण बेरजा नव्याने मांडी आणि मगच 200 (मिळाले) हा प्रतिसाद पाठवी. एरवी हे खपून जात असे. शेकडो सूचना एकदम आल्यावर मात्र प्रतिसादाला उशीर होऊ लागला, पाठवणाऱ्या सेवेने त्या पोहोचल्याच नाहीत असे धरले आणि थोड्या वेळाने पुन्हा पाठवल्या. अशा सेवा प्रतिसादासाठी फार थांबत नाहीत. उदाहरणार्थ, गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेची मर्यादा 10 सेकंदांची आहे. फेरपाठवणी हा सेवेचा दोष मुळीच नव्हे. फार तर सूचना किमान एकदा पोहोचवण्याचा प्रयत्न होईल, एवढीच हमी असते; ती एकदाच येईल किंवा क्रमाने येईल, असे कोणी सांगितलेले नसते.

संध्याकाळपर्यंत आम्ही रचना बदलली. आता सूचना आली की सही तपासून ती रांगेत टाकायची आणि लगेच 200 द्यायचा. रांगेतून काम उचलताना सूचनेतला मजकूर खरा मानायचाच नाही. तिच्याकडे दारावरच्या घंटेसारखे पाहायचे आणि कार्डाची आत्ताची स्थिती एपीआयकडून, म्हणजे सेवेने माहिती मागण्यासाठी ठेवलेल्या मार्गाने, मागून घ्यायची. एकाच कार्डाच्या दहा सूचना साचल्या असतील तर मागणी एकदाच करायची, नाहीतर 429 (मागण्या फार झाल्या) येऊन सेवा काही काळ दार बंद करते आणि प्रतिसादातल्या ‘रिट्राय-आफ्टर’ या नोंदीने सांगितलेला वेळ मुकाट्याने थांबावे लागते. कार्डाची ‘शेवटचा बदल’ ही वेळ आपल्याकडच्या नोंदीपेक्षा जुनी असेल, तर लिहायचे नाही.

सूचना मुळातच हरवली तर काय, यासाठी ठरावीक काळाने ‘अमुक वेळेनंतर बदललेली कार्डे’ मागवून मेळ घालणारे काम जोडले, आणि प्रत्येक फेरीत मागच्या फेरीची शेवटची काही मिनिटे मुद्दाम पुन्हा घेतली. डॅशबोर्डाच्या कोपऱ्यात शेवटचा मेळ केव्हा बसला, ती वेळही छापली. माझ्या मते ‘लाइव्ह’ म्हणवणाऱ्या पडद्यावर ही एक ओळ नसेल, तर बाकीच्या आलेखांवर भरवसा ठेवू नये.

एक पेच उरला. खोडलेले कार्ड ‘बदललेल्या’ यादीत येत नाही आणि थेट मागितले तर 404 (सापडले नाही) मिळतो. पण ते आपल्या टोकनला पाहण्याची परवानगी नसली तरी अनेक सेवा तोच 404 देतात. त्यामुळे अशी कार्डे आम्ही आपोआप पुसत नाही. ती ‘सध्या दिसत नाही’ या वेगळ्या यादीत जातात आणि त्यांचा निर्णय प्रकल्प व्यवस्थापक घेतात.