ट्रेसबॅकच नाही

"दादा, पायथननं एररच दिली नाही. प्रोग्राम सरळ मेला." लातूरहून ज्युनिअरचा फोन. स्क्रीनवर एवढंच: सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रामनं नको त्या मेमरीला हात लावला.

ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठल्या ओळीत झाली ते सांगणारा पायथनचा मजकूर, येणार कुठून? घोळ खाली, पायथननं बोलावलेल्या सी++ कोडमध्ये. 'फॉल्टहँडलर' (प्रोग्राम असा मरताना पायथनची ओळ छापणारं मॉड्यूल) चालू करायला लावलं. २०१२ च्या पायथन ३.३ पासून ते सोबतच येतं, तरी कुणी वापरत नाही! मरायच्या आधीची पायथनची ओळ सापडली, पुढचं जीडीबी या चुका शोधायच्या टूलनं दाखवलं. सी++ नं पायथनच्या ऑब्जेक्टचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवून घेतलेला, पण रेफरन्स काउंट (ते ऑब्जेक्ट किती जणांनी धरलंय तो आकडा) वाढवलाच नव्हता. पायथननं मेमरी मोकळी केली आणि सी++ तिथंच हात घालायला गेलं.

पोरगं म्हणतं, "मंग पायथन, सी++ दोघांच्या बी टेस्ट पास कशा?"

गप्पच झालो. बांधावरचं तण कुणाच्याच वाट्याचं नसतं, तसं दोघांना जोडणाऱ्या कोडचं झालंय.

तुमच्या टीममध्ये मधल्या कोडची टेस्ट कोण लिहितं?