हिरवी ज्योत

वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या चुऱ्यापासून पुन्हा प्लास्टिकचा दाणा करणाऱ्या कारखान्यात मी मालाचा दर्जा तपासते. त्या दिवशी सकाळच्या पाळीचा दाणा पिवळट निघाला, मध्येच काळे-तपकिरी ठिपके, आणि मशीनजवळ उभं राहिलं की नाकात चरचरणारा वास. पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लास्टिक, शिरलं असणार, हे वासावरूनच वाटलं.

पाण्या-सरबताच्या बाटल्या पीईटी नावाच्या प्लास्टिकच्या असतात. ते वितळवायला २७० अंशांच्या आसपास तापमान लागतं. पीव्हीसी त्याच्या बरंच आधी विघटित होऊ लागतं, करपतं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. ते आम्ल पीईटीच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं आणि माल ठिसूळ होतो. दहा टन चुऱ्यात किलोभर पीव्हीसी आलं तरी नुकसान दिसतं. बुचं हलक्या प्लास्टिकची, ती धुण्याच्या टाकीत वर तरंगतात आणि काढता येतात. पीईटी आणि पीव्हीसीची घनता मात्र जवळजवळ सारखी. दोन्ही तळाशी बसतात, तिथे पाणी काय निवडणार!

तांब्याची तार लाल तापवली, चुऱ्यातल्या एका संशयित पापुद्र्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. क्लोरीन आहे; ते पीव्हीसीत असतं, पीईटीत नाही. म्हणजे शंका खरी.

पण आलं कुठून? निवडणीच्या पट्ट्यावर सर्वांत जुन्या असलेल्या मावशींना विचारायला गेले. त्यांनी आधीच एका सरबताच्या बाटल्यांचा ढीग बाजूला काढला होता. एक उलटी करून त्यांनी तळ दाखवला. "हा ठिपका बघा ताई, म्हणजे बाटली आपलीच. पीव्हीसीची असती तर बुडाला रेघ असती. खोट वरच्या झग्यात आहे." झगा म्हणजे गळ्यापासून तळापर्यंत घट्ट बसवलेलं छापील वेष्टन. कालच्या गासड्यांमधून तसल्या बाटल्या थेट चुरायच्या मशीनमध्ये गेल्या होत्या.

प्रयोगशाळेत मला तार तापवावी लागते, ते या बायका हाताने आणि नजरेने ओळखतात. त्यांना अजूनही 'हेल्पर' म्हणून पगार मिळतो, हे मला अतिशय खटकतं.

उरलेल्या बाटल्यांचे झगे ब्लेडने चिरून काढावे लागले. त्यात पाळीचा बराच वेळ गेला, पट्टा अर्ध्या वेगाने चालला. बिघडलेला दाणा धाग्यासाठी चालण्यासारखा नव्हताच. पाण्यावर तरंगणारी वेष्टनं बाजारात मिळतात, सहज फाटावीत म्हणून त्यांना छिद्रांची रेघही देता येते. तरी कुठेतरी टेबलावर फक्त रंग आणि चकाकी पाहून पीव्हीसी निवडलं गेलं. २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची बंधनकारक उद्दिष्टं घातली आहेत. मग हे वेष्टन चिरण्याची मजुरी आमच्या पट्ट्यावर का पडावी?

संध्याकाळी वेष्टनाचे नमुने आणि काळ्या ठिपक्यांचा दाणा पाकिटात घालून त्या कंपनीला पत्र पाठवलं. मालकांशी बोलून झगे उतरवण्याचे किलोमागे वेगळे पैसे ठरवून घेतले. ते दुसऱ्या दिवसापासून लागू झाले.