टेम्प्लेटवर न बसलेला स्पंद

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे आम्ही संशोधक विद्यार्थी घरूनच काम करत होतो आणि खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या पल्सारच्या, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, निरीक्षणांवर, माझ्या लॅपटॉपवरून दूरच्या सर्व्हरवर, प्रक्रिया चालत असे. आमच्या यादीतला सर्वांत गुणी पल्सार म्हणजे जे १७१३+०७४७. स्वतःभोवती ४.५७ मिलिसेकंदांत एक फेरी, जोडीला श्वेत बटू (विझत चाललेला लहान, घन तारा), सुमारे ६८ दिवसांची कक्षा आणि ठोका इतका नेमका, की गुरुत्वीय लहरींमुळे (अवकाशकाळात उठणाऱ्या तरंगांमुळे) पडणारा नॅनोसेकंदांच्या घरातला फरक शोधणारे जगभरचे गट त्याच्यावर विसंबून असतात. त्यामुळे त्याचा आलेख मी चहा घेता घेता, सवयीनेच पाहत असे.

त्या दिवशी स्पंद टेम्प्लेटवर, म्हणजे आधीच्या निरीक्षणांवरून ठरवलेल्या त्याच्या नमुना आकारावर, बसेना. स्पंदातून टेम्प्लेट वजा केल्यावर जिथे नुसती खरखर उरायला हवी, तिथे एक चढ आणि त्याला लागून खळगा दिसत होता. सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "अगं, आधी आपल्याकडे काय बिघडलंय ते बघ." दिवसभर तेच केले. मोबाइल टॉवरचा गोंगाट पुन्हा गाळला, घड्याळाच्या नोंदी तपासल्या, त्याच सत्रातले इतर पल्सार काढून पाहिले; ते सगळे शहाण्यासारखे जागच्या जागी होते.

उरला संशय पल्सार आणि पृथ्वी यांच्या वाटेतल्या अवकाशातील इलेक्ट्रॉनांचा. याच पल्सारच्या संकेतात २००८ आणि २०१६ मध्ये थोड्या काळापुरता बिघाड दिसला होता आणि तो वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे असल्याचे मानले गेले होते, म्हणून हा तर्क मला पटतही होता. इलेक्ट्रॉनांमुळे होणारा उशीर कंप्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि आम्ही अँटेनांचे गट पाडून ३००–५०० व १२६०–१४६० मेगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे एकाच वेळी टिपत असल्यामुळे ते पडताळणे सोपे होते. दोन्ही पट्ट्यांना इलेक्ट्रॉनांच्या प्रमाणाचा एकच आकडा लागू होईना. स्पंद नुसता उशिरा येत नव्हता, त्याचा आकारच बदलला होता.

पुढे चीनच्या फास्ट आणि कॅनडाच्या चाइम दुर्बिणींनाही हाच बदल दिसल्याचे कळले, तेव्हा हायसे वाटले. पण ज्याच्या भरवशावर मोजायचे तोच हलला, ही अस्वस्थता त्याहून मोठी होती. मी नवा टेम्प्लेट बनवला. काही महिन्यांत तोही जुळेना, कारण स्पंद हळूहळू मूळ रूपाकडे सरकू लागला होता.