ठकीसाठी माती शोधताना

आमची मांजर ठकी खोकायची तेव्हा पोट जमिनीला टेकवायची, मान लांब ताणायची आणि घर्र घर्र करत आठ-दहा झटके द्यायची. बाहेर काहीच पडायचं नाही. शेवटी एकदा घोट गिळायची आणि उठून माझ्या पायाशी येऊन बसायची. आत्याबाई म्हणायच्या, "केस अडकलेत गं तिच्या घशात. तूप चाटव." आम्ही दीड महिना तिला तूप चाटवलं. तो दीड महिना मला अजून खुपतो.

सेलूत जुन्या वाड्यात राहत होतो तोवर तिला डबा वगैरे काही लागला नाही. परसात काळी माती होती. उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या. त्या भेगांच्या कडेची भुसभुशीत ढेकळं उकरून ठकी आपलं उरकायची आणि वर नीट माती ओढून यायची. 2023 च्या जूनमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा ती दहा वर्षांची होती. परस गेलं आणि घरात लिटरची, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या डब्यात घालायच्या दाण्यांची, पिशवी आली. बेंटोनाइट नावाच्या मातीचं, सगळीकडे मिळतं तेच. ओलं झालं की त्याचा गोळा होतो, झाऱ्याने उचलला की काम झालं. वास पसरू नये म्हणून डबाही झाकणाचा घेतला. त्या झाकणाखाली धूळ कोंडते आणि तिथेच तोंड खाली घालून ही उकरत बसते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दिवाळीनंतर खोकला रोजचा झाला. गावातल्या एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दोनदा दिलं. फरक पडला नाही. शेवटी वेताच्या टोपलीवर ओढणी बांधून मी तिला रेल्वेने परभणीला नेलं. तिथल्या मॅडमनी आधी माझ्या मोबाइलवरचा खोकल्याचा व्हिडिओ तीनदा पाहिला, मग एक्स-रे आणि रक्त. खोकला दम्याचा निघाला. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य, 2.3 आलं, म्हणजे मूत्रपिंडंही थकायला लागली होती. मी डोळे पुसत होते. मॅडमनी पाणी दिलं आणि विचारलं, "डब्यात काय घालता?"

दम्याला फवाऱ्याचं औषध दिलं, मास्क लावलेल्या नळीतून द्यायचं. नाकावर मास्क धरायचा आणि सात ते दहा श्वास मोजायचे. त्याबरोबर घरातला धूर आणि धूळ बंद करायला सांगितली: अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि लिटर. मूत्रपिंडांसाठी त्यांनी वेगळंच काम दिलं. दिवसातून किती वेळा लघवी होते, गोळे केवढे होतात, यावर लक्ष ठेवायचं. साधारण दोन ते चार वेळा ठीक. मूत्रपिंडं थकली की मांजर पाणी जास्त पितं आणि गोळे मोठे व्हायला लागतात. उलट सारखं डब्यात जाऊन बसलं, कुंथलं, ओरडलं आणि थेंबही पडला नाही तर रात्री-अपरात्री सुद्धा डॉक्टर गाठायचा. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग तुंबला की एक-दोन दिवसांत जीव जातो.

अडचण नेमकी इथे होती. दम्यासाठी धूळ नको आणि मूत्रपिंडांसाठी गोळा पक्का व्हायला हवा. गोळा सगळ्यात चांगला होतो तो मातीचा, आणि धूळही तिची भरपूर.

आत्याबाईंचं म्हणणं सरळ होतं. "विकतची माती कशाला? आपल्या रानातली पोतंभर आणू की. तिला सवय हाय तिची." त्यांचं चूक नव्हतं. बेंटोनाइट म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज, आणि आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते ती याच जातीच्या खनिजामुळे. म्हणजे ठकी आयुष्यभर जवळपास त्याच मातीत उकरत आली होती, फक्त उघड्यावर, वाऱ्यात. घरातल्या कोपऱ्यात तीच माती वाळली की तिचा फुफाटा होतो. शिवाय रानातल्या मातीत जंतांची अंडी असू शकतात, म्हणून मॅडमनी साफ नको म्हटलं. राखेचा विषय तर मी निघूच दिला नाही.

मग पारख करायची एक रीत बसवली. सकाळी आठच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाचा कवडसा पडतो. त्यात मुलाची जुनी काळी पाटी ठेवायची आणि हातभर उंचीवरून वाटीभर लिटर पाटीवर ओतायचं. ठकीला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत कोंडायचं. कवडशात धूळ किती वेळ तरंगते ते बघायचं, मग दाणे झटकून पाटीवर बोट ओढायचं. आमच्या जुन्या बेंटोनाइटची धूळ मी शंभरपर्यंत मोजलं तरी खाली बसली नव्हती, आणि पाटीवर बोटाने ओढलेली रेघ खडूने काढल्यासारखी स्वच्छ दिसत होती. पिशवीवर मात्र ‘धूळमुक्त’ असं छापलेलं. ती पाटी बघितली आणि तिला इतके महिने त्यात तोंड घालायला लावलं म्हणून मला रडू आलं. त्याच दिवशी डब्याचं झाकण काढलं.

वखारीतला लाकडाचा भुसा फुकट मिळत होता. पण पाटीवर तो मातीपेक्षाही वाईट निघाला, आणि त्यात कुठल्या लाकडाचा, कुठल्या प्लायचा चुरा आहे हे वखारवाल्या भाऊंनाही सांगता येईना. देवदारासारख्या चिकाच्या लाकडात फिनॉल जातीची द्रव्यं असतात. मांजराच्या यकृताला ती माणसासारखी निचरून टाकता येत नाहीत. लिटरसाठी भट्टीत वाळवून गोळ्या करतात तेव्हा ती बरीचशी निघून जातात. जाता जाता सांगते, फिनाईलचंही तेच आहे. मी रोज डब्याभोवतीची फरशी फिनाईलने पुसत होते. आता साबणाच्या पाण्याने पुसते.

लाकडाच्या वाळवलेल्या गोळ्या मागवल्या. कोरड्या असताना पाटी स्वच्छ. पण दाणा शेंगदाण्याएवढा आणि कडक. ठकीने पुढचे दोन पाय डब्याच्या काठावर ठेवले, मागचे दोन आत, आणि तसंच अवघडून उरकलं. म्हातारी मांजर, सांधेही दुखत असतील. शिवाय या गोळ्या ओल्या झाल्या की फुटून त्यांचा भुसा होतो आणि खाली चाळला जातो. लघवी किती झाली ते कळणार कुठून? सिलिकाचे खडे याच कारणाने बाद झाले. धूळ कमी, पण लघवी शोषून घेतात, गोळा होत नाही. सुगंधी प्रकार एकच रात्र टिकला. सकाळी आत्याबाईंची वाकळ ओली होती, आणि त्यात ठकीचा काही दोष नव्हता. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट असतं.

मक्याचं लिटर आवडलं होतं. बारीक, मऊ, गोळाही ठीक. पण ते पावसाळ्यात आलं आणि तिसऱ्या आठवड्यात पिशवीतून कुबट वास यायला लागला. बुरशी आलेला मका आपण म्हशीलासुद्धा घालत नाही, त्यात अफ्लाटॉक्सिनचं विष होतं. मी पिशवी तशीच बाहेर काढली.

शेवटी टोफूचं लिटर सापडलं. सोयाबीनचं दूध काढल्यावर जो चोथा उरतो त्याचं ते करतात. दुकानदाराने नाव सांगितलं तेव्हा मला कळलंच नाही. चोथ्याचं म्हटल्यावर एकदम ओळखीचं वाटलं. खरीप आला की आमच्याकडे बांधापासून बांधापर्यंत सोयाबीनच असतं. सेलूत मिळालं नाही, संभाजीनगरहून मागवलं. बिनवासाचं आणि सगळ्यात बारीक दाण्याचं घेतलं, दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. मातीच्या दुपटीहून महाग. आत्याबाई म्हणाल्या, "मांजराच्या मुतायला एवढे पैसे?" मी त्यांना कवडशाजवळ बसवलं आणि आधी माती ओतली, मग हे ओतलं. त्या बराच वेळ उन्हाकडे बघत राहिल्या. त्या संध्याकाळी देवघरात त्यांनी अगरबत्ती न लावता नुसती समई लावली. गेली चाळीस वर्षं त्यांची अगरबत्ती चुकली नव्हती. मी काही बोलले नाही, पण मला फार भरून आलं.

बदल एकदम केला नाही. दोन उघडी प्लास्टिकची घमेली शेजारी शेजारी ठेवली. घमेल्याचा काठ बुटका असतो, म्हातारीला चढउतार नको. एकात जुनं, दुसऱ्यात जुन्यात चार मुठी नवं. दर दोन-तीन दिवसांनी नव्याच्या मुठी वाढवल्या. नव्या घमेल्यात ती पहिल्यांदा नीट उकरून, वळून, बसली तेव्हा मी दाराआड श्वास धरून उभी होते. सगळा बदल व्हायला सोळा दिवस लागले. पहिले काही दिवस ती दाणे चाटते का, खाते का यावर डोळा ठेवला, कारण काही मांजरं हे खातात आणि पोटात गेलं तर फुगतं.

या लिटरचीही दुखणी आहेत. थर दोन इंचांचा नसला तर गोळा तळाला चिकटतो. लगेच उचलायला गेलं तर फुटतो, थोडा वेळ मुरू द्यावा लागतो. पावसाळ्यात ओल धरतं, किडे होतात. मी ते डाळीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि जून ते सप्टेंबर लहान पिशव्याच मागवते. आत्याबाईंना ज्वारीसारखा त्यात कडुनिंबाचा पाला घालायचा होता, पण त्या वासाने ठकी परत वाकळीवर जाईल म्हणून नको म्हटलं. संडासात टाकून पाणी सोडा असं पाकिटावर लिहिलेलं असतं, ते करू नका. आमच्याकडे सेप्टिक टँक आहे. आणि मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या रोग करणाऱ्या परजीवीची अंडी पाण्यात जाऊ शकतात. मी कागदात गुंडाळून कचऱ्यात देते, रोजच्या रोज, कारण ती अंडी बाहेर पडल्यावर साधारण एक ते पाच दिवसांत लागण करण्याजोगी होतात. नणंद बाळंतपणाला आली होती तेव्हा घमेल्याला तिला हात लावू दिला नाही.

गोळे मी वजन करून वहीत लिहिते, त्यासाठी वेगळा काटा आणलाय. वजनात लिटरही येतं, म्हणून आकडा कुणाच्या दुसऱ्या मांजराशी लावून उपयोग नाही, आपल्याच कालच्या आकड्याशी लावायचा. ठकीच्या गोळ्यांचं दिवसाचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास असायचं. यंदा मार्चमध्ये ओळीने चार दिवस दोनशेच्या वर गेलं. अंगावर काही दिसत नव्हतं, जेवत होती, खेळत होती. मी वही घेऊन परभणी गाठली. मॅडमनी पानं उलटली, रक्त घेतलं. क्रिएटिनिन 2.6 होतं. खाणं त्याच दिवशी बदललं, ओल्या खाण्याचं प्रमाण वाढवलं आणि घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगितल्या.

खोकला आता पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी येतो. फवारा सुरूच आहे, दोन वेळचा एक वेळ झाला. मूत्रपिंडं काही पूर्वीसारखी होणार नाहीत, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. वहीत माझं अक्षर असतं आणि मी शाळेत गेलेली असले की आत्याबाईंचं. त्या ग्रॅम लिहीत नाहीत. लिंबाएवढा, सुपारीएवढा, असं लिहितात, आणि मला ते बरोबर कळतं.