तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यात पुस्तकांचं काय बघायचं?

"बीच वगैरे नको हो आम्हाला. गोव्यात पुस्तकांचं असं काय बघण्यासारखं आहे?" हा प्रश्न मला आता तोंडपाठ झालाय. पुण्याहून येणारे विचारतात, ठाण्याहून येणारे विचारतात, एका वाचनालयाची सहल आली होती तेव्हा त्यांच्या अध्यक्षांनी तर चालत्या बसमधून फोन करून विचारलं. फोंड्यात राहते, आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणजे मला हे माहीत असणारच असा सगळ्यांचा समज. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: "आशियातला पहिला छापखाना तुमच्याकडेच ना? तो दाखवाल?"

तर एकदाचं सांगून टाकते. आशियातला नव्हे, चीन-कोरियात त्याच्या कितीतरी आधीपासून छापत होते. भारतातला म्हणा. १५५६ साली अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघालेलं यंत्र गोव्यात उतरलं आणि इथेच राहिलं. जेझुइट पाद्र्यांनी ते सेंट पॉल कॉलेजात बसवलं. त्या कॉलेजची आज जुन्या गोव्यात रस्त्याकडेला फक्त एक कमान उभी आहे. ड्रायव्हरला आधी सांगून ठेवलं नसेल तर गाडी थांबेपर्यंत ती मागे पडते. यंत्र नाही, छपाईच्या अक्षरांचे खिळे नाहीत. तिथे सर्वांत आधी जे छापलं त्याची एकही प्रत उरलेली नाही. १५६१ सालचं एक धार्मिक पुस्तक तेवढं शिल्लक आहे, आणि तेही न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात.

मग लोक क्रिस्तपुराणावर येतात, म्हणजे फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ओव्यांत लिहिलेल्या ख्रिस्तकथेवर. त्यातली मराठीच्या थोरवीची ती ओवी मला म्हणून दाखवतात, जणू मी ती कधी ऐकलेलीच नाही. हो, ते १६१६ साली रायतूरला छापलं, पाट्यांवर ज्याला राशोल म्हणतात तिथे. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे आणखी दोनदा छापलं. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही प्रतीचा आज पत्ता नाही. हे ऐकून पाहुण्यांचे चेहरे असे पडतात की ती पुस्तकं मीच बंबात घातली असं वाटावं. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० साली आलं, देशी भाषेतल्या पोथ्या जळल्या, १७५४ ते १८२१ या काळात गोव्यात छपाईच बंद होती, वर आमचा पाऊस आणि आमची वाळवी. या सगळ्याचा जाब मला का विचारता?

बघायचं असेल तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामांच्या नावाचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे जा. १८३२ साली सुरू झालेली संस्था, इमारत मात्र नवी कोरी. दुर्मिळ पुस्तकांच्या विभागात शांतपणे बसा. सेल्फी काढायला जाऊ नका, काहीतरी मागवून वाचा. आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या टाइल्सवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत, १९३५ सालचं काम. ते बघून चर्चच्या दिशेने चालत गेलात की गार्सिया द ऑर्ताच्या नावाची बाग लागते. हा वैद्य. १५६३ साली इथे छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकात कामोंइशची एक कविता आहे, आणि कामोंइशची छापली गेलेली ती पहिलीच कविता. ऑर्ता ज्यू असल्याचं निमित्त करून मेल्यानंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. आज त्या बागेत लोक चणे खात बसतात. मला यात काही वाईट वाटत नाही.

आणि दुपारी एक ते चार पुस्तकाचं दुकान शोधू नका. मालक जेवून झोपलेला असतो, झोपू द्या. पावसाळ्यात जुनी पुस्तकं विकत घेऊ नका. घरी पोचेपर्यंत त्यांना बुरशीचा वास लागतो आणि मग तुम्ही मलाच फोन करता.

इथपर्यंत सांगून माझी सुटका व्हायला हवी. होत नाही. कारण यानंतरचा प्रश्न हळू आवाजात येतो: "एखाद्या जुन्या घरातली पोथी वगैरे बघायला मिळेल का? तुमच्या ओळखीने?"

नाही. आणि या "नाही"ला तुम्ही माणूसघाणेपणा म्हणता, म्हणून आज कारणही सांगते.

पूर्वी मी न्यायची. हौसेने न्यायची. आमच्या तालुक्यात माझ्या नात्यातलं एक घर आहे, मधे राजांगण, राजांगणात तुळस, देवघराच्या वरच्या फळीवर लाल बासनात बांधलेल्या पोथ्या. काकी एकट्याच असायच्या. श्रावणात शेजारच्या बायका जमायच्या आणि रामकथेची पोथी लागायची. हाताने लिहिलेली, सुटी लांबट पानं, ओव्यांचे दंड हिंगुळाने लाल काढलेले. मला मात्र आवडायची ती शेवटची कोरी पानं, म्हणजे एकेकाळी कोरी असलेली. घरातल्या कुणाकुणाच्या हातच्या त्यावर नोंदी होत्या: मुलाचा जन्म, कुणाला किती नारळ उसने दिले, कुठल्या साली तापाची साथ आली. एका नोंदीवर रेघ मारून खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "परत मिळाले". नारळ असावेत.

एका पावसाळ्यानंतर एक निवृत्त प्राध्यापक आले. नाव सांगणार नाही, गावही नाही. विद्वान माणूस, जुन्या मराठीवर प्रेम करणारा. काकींसमोर मांडी घालून बसले, पानं उलटताना बोटाला थुंकी लावली नाही. एवढ्यानेच मी जिंकले गेले. काकींनी चहा दिला, फणसाचे गरे तळून दिले. निघताना सर म्हणाले, "पंधरा दिवसांत स्कॅन करून पाठवतो. मूळ पोथी आणि सीडी, दोन्ही." काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "द्या काकी, सर जपून ठेवतील." त्यांनी जुन्या नऊवारीचा तुकडा फाडून पोथी त्यात गुंडाळली आणि म्हणाल्या, "वाचून जालें की परत हाडून दियात हां."

गाडीत बसल्यावर सर मला म्हणाले, "बाई, खरं सांगू? ही इथे राहिली तर वाळवी खाईल. क्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आपल्याला मिळाली कशी? विल्यम मार्सडेन या इंग्रज अभ्यासकाच्या संग्रहात लंडनला पडून होती म्हणून. रायतूरला राहिली असती तर?" मी मान डोलावली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. स्कॅनिंग चालू आहे. मशीन बिघडलंय. पोथी मुलीकडे आहे, ती आली की पाठवतो. मग फोन उचलणं बंद. मी दोन पत्रं टाकली, एक रजिस्टरने. काकी श्रावण आला की विचारायच्या, तक्रार म्हणून नव्हे, बस कधी येईल असं विचारावं तसं. नंतर सर गेल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. मुलाला फोन केला. तो सभ्यपणे बोलला. "बाबांची चांगली पुस्तकं एका संस्थेला दिली. सुटे कागद खूप होते, ते रद्दीत गेले. त्यात होतं की नाही सांगता येणार नाही." लाल दंड काढलेले सुटे कागद. त्यालाही बोल कसा लावू?

काकींना मी "संस्थेत जपून ठेवलीय" असं सांगितलं. खोटं बोलले, आणि ते बरंच केलं असं मला अजून वाटतं.

म्हणून नाही नेत. पण तेव्हाची मी आजच्या मला गप्प बसू देत नाही. ती म्हणते, फळीवर बांधून ठेवलेली पोथी आणि रद्दीत गेलेली पोथी यांत वाचणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय? सर आले नसते तर शेवटच्या पानावरच्या त्या नोंदी तू तरी नीट वाचल्या असत्यास का? तिला मी म्हणते, श्रावणात वाचणाऱ्या बायका वाचकांत धरायच्या नाहीत का? यावर ती थोडी गप्प बसते. मग मार्सडेनचं नाव काढते. आणि तिथे माझी बोलती बंद होते, कारण मार्सडेन एकटाच नाही. ज्या कृष्णदास शामांचं नाव पणजीच्या ग्रंथालयाला दिलंय, त्यांच्या नावाशी जोडलेल्या रामायण-महाभारताच्या कथांची सोळाव्या शतकातली हस्तलिखितं पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. ज्यांनी आमचं जाळलं त्यांच्याच देशात टिकली. जे गेलं ते वाचलं, जे राहिलं ते संपलं, असंच बहुतेक वेळा दिसतं. फक्त आमची पोथी गेली आणि तीही संपली.

वर आणखी एक. काकी गेल्यानंतर सुनेने फळी आवरायला काढली. उरलेल्या बासनांपैकी एक उघडलं तर कडा शाबूत आणि मध्ये मातीचं भुयार. वाळवी खालून भिंतीतून चढली होती. सर म्हणाले होते ते खरं ठरलं, आणि त्याचा मला इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही.

एक बासन अजून धड आहे. परवा सुनेने विचारलं, "पणजीच्या लायब्ररीला देऊन टाकूया का? की कुणी अभ्यासक बोलावता?" मी म्हटलं, आधी आपणच फोटो काढू, शेवटच्या पानांसकट, मग बघू. ती म्हणाली, माझ्या मोबाइलमध्ये जागा नाही. माझ्याही नाही. पुढच्या आठवड्यात तिचा मुलगा बेळगावहून येतोय, तो कॅमेरा आणेल असं म्हणालाय.